‘निरंक’ म्हणजे नेमकं काय?

सरकारी कागदपत्रांत एक छान शब्द आहे : निरंक. रकान्यात लिहिण्यासारखं काही नसेल तर तो रिकामा ठेवत नाहीत, तिथे ‘निरंक’ लिहितात. शेजारच्या ग्रुपची रीडिंग जर्नलमध्ये उतरवण्यापेक्षा हे नक्कीच प्रामाणिक! पण पाण्यातून होणाऱ्या आजारांच्या अहवालात एखाद्या गावापुढे ‘निरंक’ असेल, तर त्याचे निदान तीन अर्थ होतात. एक, तिथे त्या आठवड्यात खरंच कुणी आजारी पडलं नाही. दोन, लोक आजारी पडले, पण तपासणी झाली नाही, म्हणून आजाराला नाव मिळालं नाही. तीन, तपासणी झाली, नावही मिळालं, पण ती बातमी रकाना भरणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही. कागदावर तिन्ही एकसारखे दिसतात.

मित्रांनो, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत शिबिराला किंवा प्रोजेक्टसाठी जाणारे आपल्यात दरवर्षी असतात. ‘पाण्याचा सर्व्हे’ म्हटलं की आपण बाटल्या भरून आणतो, पीएच आणि टीडीएस काढतो आणि रिपोर्टला दोन ग्राफ जोडतो. ते करावंच. पण त्या भागात पाणी तपासणारी, रुग्ण नोंदवणारी आणि अहवाल वर पाठवणारी माणसं आहेत, त्यांना जाऊन नीट प्रश्न विचारणं हाही सर्व्हेच आहे. त्याला यंत्र लागत नाही. मात्र प्रश्न बनवणं हे यंत्र कॅलिब्रेट करण्याइतकंच किचकट काम आहे, आणि ते करण्याआधी हा सगळा कारभार चालतो कसा ते ठाऊक हवं.

आधी मुलूख

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर तालुक्यात उतरते आणि महाडला येते. गांधारी आणि काळ या नद्या महाडच्या आसपास तिला मिळतात, आणि खाडीची भरती थेट महाडपर्यंत चढते. वरून घाटाचं पाणी, खालून भरतीचं, मध्ये शहर. पोलादपूर तालुका बहुतेक डोंगराळ. वाड्या उतारावर विखुरलेल्या, पाणी झऱ्याचं, विहिरीचं किंवा लहानशा नळयोजनेचं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरीही मे महिन्यात हंडे आणि टँकर. कोकणात हे कुणाला नवीन वाटत नाही.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही तेच घडलं, आणि महाड शहर पाण्याखाली होतं. महाबळेश्वरला तेव्हा चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा सगळा सावित्रीच्या माथ्यावरचा. पूर ओसरल्यावर आरोग्य पथकं येतात, विहिरींत टीसीएल पडतं, लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. थोडक्यात, आपत्तीनंतर सगळ्यांचं लक्ष असतं आणि मोजणीही बरी होते. आपल्याला विचारायचं आहे ते साध्या जुलैबद्दल, जेव्हा पेपरात काहीच छापून येत नाही.

महाडला एमआयडीसी असल्यामुळे ‘दूषित पाणी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी रसायनं येतात. तोही प्रश्न खराच आहे, पण त्याच्या तपासण्या वेगळ्या, प्रयोगशाळेचं काम वेगळं आणि जबाबदार खातीही वेगळी. एकाच प्रश्नावलीत दोन्ही कोंबू नका.

एका जुलाबाचा प्रवास

समजा, पोलादपूरच्या एखाद्या वाडीत तिघांना जुलाब सुरू झाले. पहिल्यांदा हे कळतं आशाताईंना. त्यांच्याकडून उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला, म्हणजे आपण जिला सिस्टर म्हणतो तिला. २००४ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला, त्याला सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी आयडीएसपी म्हणतात. त्यात तीन फॉर्म आले. एस फॉर्म सिस्टरचा : नुसती लक्षणं, जुलाब, कावीळ, ताप. पी फॉर्म डॉक्टरांचा : तपासून केलेलं संभाव्य निदान. एल फॉर्म प्रयोगशाळेचा : चाचणीत सिद्ध झालेला आजार. आठवडा सोमवार ते रविवार. गावाकडून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून तालुका, तिथून अलिबाग आणि मग पुणे, कारण राज्याचं जलजन्य आजारांचं काम पुण्याच्या सहसंचालक कार्यालयातून चालतं. एप्रिल २०२१ पासून हे सगळं आयएचआयपी नावाच्या संगणकीय व्यवस्थेवर भरलं जातं. कागदाचा प्रवास वाचला. पण कळफलकापर्यंत जे पोचलंच नाही, ते संगणकालाही कळत नाही.

आयडीएसपीने धोक्याच्या खुणाही ठरवून दिल्या. उदाहरणार्थ, एका गावात वेगवेगळ्या घरांत दोनपेक्षा जास्त काविळी निघाल्या, किंवा पाच वर्षांवरच्या एखाद्या रुग्णाला जुलाबाने तीव्र शोष पडला, तर आठवडा संपायची वाट न बघता हालचाल करायची. आकडे किती लहान आहेत बघा. इथे एकही रुग्ण सुटला तर घंटा वाजत नाही.

आणि रुग्ण सुटतात. पहिली गळती खासगी दवाखान्यात. तिथून माहिती यावी अशी अपेक्षा असते, येतेच असं नाही. दुसरी गळती काविळीची. आपल्याकडे कावीळ झाली की पुष्कळ लोक अजून गावठी औषधाला जातात, नाकात थेंब घालतात, कुणी ‘उतरवून’ घेतात. हिपॅटायटिस ए बहुतेकदा आपोआप बरा होतो, त्यामुळे औषधाला यश येतं आणि रुग्ण कुठल्याच रजिस्टरात येत नाही. हिपॅटायटिस ई मात्र गरोदर बाईच्या जिवावर उठतो. तिथे हा न नोंदलेला शेजारी फार महागात पडतो.

तिसरी गळती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती खास या मुलखाची आहे. महाड-पोलादपूरच्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईत असतं. गणपतीला ही मंडळी गावी येतात. तेव्हा पाऊस चालू असतो, वाडीची लोकसंख्या अचानक फुगते, विहिरीवर आणि संडासांवर ताण येतो. पाच-सात दिवस राहून सगळे परत जातात. आता आजाराचा अधिशयन काळ बघा, म्हणजे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ. कॉलऱ्याला काही तासांपासून पाच दिवस, टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे, हिपॅटायटिस ए ला दोन ते सात आठवडे. पाणी प्यायले पोलादपूरच्या वाडीत, ताप आला डोंबिवलीला. नोंद झालीच तर तिकडे होईल. इकडे वाडीपुढे ‘निरंक’. आणि हे ‘निरंक’ खोटं कुणीच लिहिलेलं नाही!

तपासलंच नाही तर सापडणार काय?

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची भयंकर साथ आली. यमुनेच्या पुरानंतर सांडपाण्याचा प्रवाह शहराच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत गेला होता. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तिला आज आपण ज्याला हिपॅटायटिस ए म्हणतो तोच आजार मानलं गेलं. पुढे १९८० मध्ये जपून ठेवलेले रक्तद्रव पुन्हा तपासले तेव्हा कळलं की तो ए नव्हताच. आज तो हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला जातो. त्या तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांचा वाटा होता. नमुने जपून ठेवले नसते तर ती साथ कायम चुकीच्या नावाने नोंदलेली राहिली असती.

अगदी अलीकडचं उदाहरण पुण्याचंच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाणारा हा दुर्मिळ आजार बऱ्याचदा पोटाच्या संसर्गानंतर येतो. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले, आणि पाण्याकडे बोट गेलं. यातली एक गोष्ट लक्षात घ्या. घंटा वाजली ती लुळे पडलेले रुग्ण मोठ्या रुग्णालयांत गोळा झाले तेव्हा. त्याआधी घरोघरी झालेले जुलाब कुणी मोजले नव्हते. पुण्यात मोठी रुग्णालयं जवळ होती म्हणून हे तरी लवकर दिसलं.

वाडीत काय होतं? जुलाबाचा रुग्ण येतो तोवर त्याने मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतलेल्या असतात. मग शौचाचा नमुना घेतला तरी जंतू वाढतीलच असं नाही. नमुना खास माध्यमात ठेवून कल्चरची सोय असलेल्या प्रयोगशाळेत न्यावा लागतो, तोवर रुग्ण सलाईन घेऊन घरी जातो. डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर उपचार तोच राहणार, मग तपासणी कशाला? त्यांचं बरोबर आहे. तपासणीचा उपयोग त्या रुग्णापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना जास्त असतो, आणि शेजारी दवाखान्यात आलेला नसतो.

टायफॉइडची गंमत उलटी. तिथे विडाल नावाची स्वस्त रक्तचाचणी सर्रास होते आणि हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलांना आयुष्यात एकदा तरी ‘विडाल पॉझिटिव्ह’ निघालेलं असतं. ज्या भागात टायफॉइड नेहमीचा, तिथे एकट्या विडालवर भरवसा ठेवता येत नाही. खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. म्हणून अहवालात टायफॉइडचा आकडा दिसला तर लगेच विचारायचं : कोणत्या चाचणीवर?

पाण्याची बाजू

रुग्णांचा प्रवास आरोग्य खात्यातून वर जातो. पाण्याचा दुसऱ्या रस्त्याने. ग्रामपंचायतीने नेमलेला जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल टाकतो, ओटी करतो. आरोग्य कर्मचारी नमुने घेतात, प्रयोगशाळा तपासते आणि दुरुस्ती पुन्हा ग्रामपंचायतीने करायची. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं : जोखीम कमी असेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं, तीव्र असेल तर लाल. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड आणि साथ नाही, तर चंदेरी. कल्पना चांगली आहे. कार्डाचा रंग कुणालाही कळतो.

ओटीबद्दल एक सूचना. पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर ‘ओटी पॉझिटिव्ह’, म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे चांगलं. नमुना मात्र ‘पॉझिटिव्ह’ आला तर वाईट. मुलाखतीत ‘सगळे पॉझिटिव्ह आले’ असं कुणी म्हणालं तर काय पॉझिटिव्ह ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. कोकणच्या दमट हवेत पोतं उघडं राहिलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर तपासणीत नापास धरतात. आता आपलं गणित. २०,००० लिटरच्या टाकीत लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ४० ग्रॅम क्लोरीन लागेल. ३३ टक्क्यांची पावडर असेल तर सुमारे १२१ ग्रॅम, २० टक्क्यांची असेल तर २०० ग्रॅम, आणि १० टक्क्यांवर आली असेल तर ४०० ग्रॅम. जलसुरक्षक मात्र तिन्ही वेळा तोच एक डबा टाकणार. त्याच्या हाती वजनकाटाही नाही आणि पावडरीचा अहवालही नाही. शिवाय जूनमधलं गढूळ पाणी बराचसा क्लोरीन स्वतःच खाऊन टाकतं. म्हणून ‘टीसीएल टाकता का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर खरं असूनही निरुपयोगी असू शकतं.

नमुन्यांचं गणितही करून बघा. एखाद्या विहिरीचं पाणी वर्षातले दहा टक्के दिवस दूषित असतं असं धरू. वर्षात कधीही दोन नमुने घेतले तर दोन्ही शुद्ध येण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८१ टक्के. बारा नमुने घेतले तरी २८ टक्के वेळा ती विहीर निर्दोष सुटेल. आणि इथे वाईट दिवस वर्षभर विखुरलेले नसतात, ते जून-जुलैत गोठ्यातलं, परसातलं पहिलं पाणी वाहून येतं तेव्हा एकदम येतात. जीवाणूंसाठी किमान नियम पावसाळ्यापूर्वी एक आणि पावसाळ्यानंतर एक नमुना असा आहे. म्हणजे वाईट दिवसांच्या अलीकडे आणि पलीकडे! आरोग्य केंद्रं याशिवाय अधूनमधून नमुने घेत असतात, पण ते नेमके कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या विहिरींचे, हे विचारण्यासारखं आहे.

प्रयोगशाळेला पाठवायची बाटली निर्जंतुक हवी, तिच्यात क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट हवं, ती थंड राहायला हवी आणि चोवीस तासांच्या आत तपासली जायला हवी. दुर्गम वाडीतून हे जमवणं सोपं नाही. म्हणून एच-टू-एस बाटली बरी पडते : पाणी भरा, ठेवून द्या, दिवस-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित. ही युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांची, १९८२ सालची. खेड्यापाड्यांसाठी भारतात निघालेली, आणि पुढे जगभर गेलेली. ती ‘आहे की नाही’ एवढंच सांगते, किती ते सांगत नाही, आणि विषाणूंबद्दल गप्प असते.

आणखी एक गोष्ट, महाडमध्ये उभं राहून ती टाळता येत नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्यानंतर तळं ‘बाटलं’ म्हणून १०८ घागरी काढून पंचगव्याने त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. शेण आणि गोमूत्र पाण्यात ओतून शुद्धी! हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पाण्यावर हक्क कुणाचा हे कायद्याने ठरलं. पण सर्वेक्षणाच्या यादीत कुणाचं पाणी आहे, हा प्रश्न आजही विचारायला हवा. गावठाणातली सार्वजनिक विहीर यादीत असते. कातकरी वाडीतली माणसं मे महिन्यात नदीच्या पात्रात खणलेल्या खड्ड्यातून पाणी भरत असतील, तर तो खड्डा कुठल्या यादीत आहे? ज्या स्रोताला क्रमांकच नाही त्याचा नमुना घेतला जाणार नाही.

वॉकरटनची गोष्ट

कॅनडातलं वॉकरटन हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि शेताजवळच्या एका उथळ विहिरीत गुरांच्या शेणातले जंतू उतरले. क्लोरीन पुरेसा नव्हता. पाणी सोडणारे कर्मचारी रोज क्लोरीन मोजत नसत, रजिस्टरात ०.५ किंवा ०.७५ असे ठरावीक आकडे टाकून देत. १७ मे ला खासगी प्रयोगशाळेने नमुने दूषित असल्याचं कळवलं, पण फक्त पाणीपुरवठा कार्यालयाला. आरोग्य खात्याला कळवणं तेव्हा प्रयोगशाळेवर बंधनकारक नव्हतं. जवळच्या शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी रक्ती जुलाबाची दोन मुलं पाहून आरोग्य विभागाला फोन केला. त्यांनी पाण्याबद्दल विचारलं, तर कार्यालयाचं उत्तर आलं, पाणी ठीक आहे. शेवटी २१ मे ला आरोग्य विभागाने स्वतःच पाणी उकळून प्या असं जाहीर केलं. सात माणसं दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली.

इथे तपासणी झाली होती, निकाल बरोबर होता, वेळेवरही होता. चुकीच्या टेबलावर पडून राहिला. श्रीमंत देश, छापील नियम, फॅक्स मशीन, सगळं असून. म्हणून आपल्या प्रश्नावलीत ‘तपासणी होते का’ याच्या दुप्पट जागा ‘निकाल कुणाकुणाला कळतो’ याला द्या.

आता प्रश्न

‘आपण नियमितपणे पाणी तपासता का?’ हा प्रश्न खोडून टाका. सरकारी माणसाला असा प्रश्न म्हणजे परीक्षाच, उत्तर ‘हो’ येणार. त्याऐवजी शेवटच्या वेळेबद्दल विचारा. शेवटचा नमुना कुठल्या विहिरीचा होता? कुठल्या तारखेला घेतला? बाटली कशाने गेली : एसटीने, रिक्षाने, कुणाच्या मोटरसायकलवर? निकाल कधी आला, कागदावर, फोनवर की व्हॉट्सअ‍ॅपवर? दूषित होता का? असेल तर ग्रामपंचायतीला कुणी सांगितलं? पुन्हा नमुना घेतला का? तारखा मिळाल्या की दिवस मोजता येतात. आजार सुरू झाल्यापासून पहिली कृती होईपर्यंत किती दिवस गेले, तो या व्यवस्थेचा रिस्पॉन्स टाइम. असा आकडा तीन-चार घटनांचा जरी मिळाला, तरी शंभर ‘हो-नाही’ उत्तरांपेक्षा मोलाचा आहे.

प्रत्येकाला तेच प्रश्न नकोत. आशाताईंना विचारा, गेल्या पावसाळ्यात वाडीत कावीळ कुणाकुणाला झाली आणि ते औषधाला कुठे गेले (नावं लिहायची नाहीत). सिस्टरना विचारा, मुंबईला परत गेल्यावर आजारी पडलेल्यांची बातमी कळते का, आणि कळली तर ती कुठे लिहायची सोय आहे का. डॉक्टरसाहेबांना विचारा, शौचाचा नमुना पाठवायचं कधी ठरवता आणि कधी टाळता. लॅब टेक्निशियनना, इथे काय होतं, बाहेर काय पाठवता, निकाल आणखी कुणाला जातो. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना लोक अजून ग्रामसेवक आणि भाऊसाहेबच म्हणतात, त्यांना टीसीएलच्या शेवटच्या खरेदीची तारीख विचारा आणि पोतं कुठे ठेवलंय ते दाखवा म्हणा. जलसुरक्षकाला काही विचारूच नका, ‘दादा, एकदा ओटी करून दाखवता का?’ एवढंच म्हणा आणि बघत राहा.

मुलाखत एकेकट्याची घ्या. साहेब समोर बसलेले असताना सिस्टर काय बोलणार? कॉलेजचं पत्र आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, परवानगी घ्या, लसीकरणाच्या दिवशी जाऊ नका. डोंगराळ भागात एका उपकेंद्राकडे साधारण तीन हजार लोकसंख्या असावी असा मापदंड आहे, पण ती तीन हजार माणसं किती चढउतारांवर पसरलीत हे मापदंडात लिहिलेलं नसतं. त्यांचा अर्धा तास आपल्याला मिळतो तो उपकार आहे. चूक पकडायला आलेत अशी शंका आली की मुलाखत संपली.

‘उत्तरं गुप्त राहतील’ असं छापताना विचार करा. एका तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी एकच असतो. ‘पोलादपूरचे एक वरिष्ठ अधिकारी म्हणाले’ असं लिहिलं की झालं सगळं उघड! दोन्ही तालुक्यांची उत्तरं एकत्र मांडा किंवा पद गाळा.

पर्यायांत ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘इथे लागू नाही’ असे तीन वेगळे रकाने ठेवा, आणि ‘विचारलं नाही’ यासाठी चौथी खूण. नाहीतर आपल्याच एक्सेल शीटमध्ये रिकाम्या चौकटींचे शून्य होतील आणि आपणही एक निरंक तयार करू. टक्केवारीचा मोहही आवरा. नऊ जणांना विचारून ‘६६.६७ टक्के’ लिहू नये, ‘९ पैकी ६’ लिहावं. दोन दशांश स्थळांनी अचूकता वाढत नाही हे आपल्याला सर्व्हेइंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवलेलं आहे.

प्रश्नावली आधी कुणावर तरी करून बघावी लागते. त्यासाठी पोलादपूरपर्यंत जायची गरज नाही. रेक्टर सर, मेसचे काका आणि पंप चालू करणारे दादा हे तिघे हाताशी आहेत. टाकी शेवटची कधी धुतली? क्लोरीन कोण टाकतं, किती टाकतं? शेवटचा नमुना कधी गेला, निकाल कुणाकडे आहे? आणि कावीळ किंवा टायफॉइड झालेला मुलगा बॅग भरून लातूरला, जळगावला, साताऱ्याला घरी जातो, तेव्हा त्याची नोंद कुठे होते? तो तिकडे तपासला जातो, तिकडच्या आकड्यात जातो, आणि आपल्या टाकीपुढे ‘निरंक’ राहतं. रेक्टर ऑफिसमध्ये गेट रजिस्टर असतंच. रजेच्या कारणाच्या रकान्यात ‘आजारी’ एवढंच लिहिलं जातं. तिथे कोणता आजार, कधीपासून, आणि घरी गेल्यावर तपासणीत काय निघालं एवढ्या तीन गोष्टी लिहायला सुरुवात केली, तर जुलैअखेर एकाच मजल्यावरच्या दोन काविळी एका पानावर दिसतील.